राखेच्या स्लरी लाइनवर नव्याने येणाऱ्या पोरांसाठी

आमची वरुडकडे संत्र्याची बाग. बुरशीवर फवारायचं बोर्डो मिश्रण करायचं म्हणजे 100 लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, आणि ड्रमपाशी काठी घेऊन मी. "फिरवत राय, बुडाले बसते थे," असं बाबा सारखे म्हणायचे. हात थांबला की नोझल तुंबलाच.

पुढे डिप्लोमा करून औष्णिक वीज केंद्रात राखेच्या लाइनवर लागलो. तिथं राख पाण्यात कालवून, म्हणजे स्लरी करून, पाइपातून राख साठवायच्या बंधाऱ्यापर्यंत नेतात. काठीचं काम तिथं प्रवाहातले भोवरे करतात. कण खाली ओढला जातो, भोवरे त्याला पुन्हा वर उचलतात. 50 मायक्रॉनचा राखेचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला जेमतेम दीड मिलिमीटर बसतो, म्हणून बारीक राख सहज तरंगत जाते. कण दुप्पट मोठा झाला की बसण्याचा वेग जवळपास चौपट होतो. भट्टीच्या तळाची जाड राख म्हणूनच आधी दगा देते.

प्रवाह एका वेगाच्या खाली गेला की पाइपाच्या बुडाशी थर धरतो. नवीन मुलं इथंच फसतात, मीही फसलो होतो. लाइन तुंबते तर मोठा पाइप टाकू, असं वाटतं. पण पंप तेवढंच पाणी देत असेल, तर दुप्पट व्यासाच्या पाइपात वेग पाव होतो. उलट मोठ्या पाइपाला कण तरंगते ठेवायला जास्तच वेग लागतो, ढोबळमानाने व्यासाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे दोन्हीकडून मार. आणि वेग नुसता वाढवत गेलात तर पाइप झिजतो, त्यातही बूड आधी. म्हणून पाइप मधून मधून फिरवून बसवावा लागतो.

एका रात्री वीज गेली आणि भरलेली लाइन तशीच उभी राहिली. सकाळी सखल भागातला पाइप ठोकला तर आवाज भरीव. कापून राख काढायला आम्हाला दोन दिवस लागले. तेव्हापासून बंद करण्याआधी साध्या पाण्याने लाइन धुवून निघाल्याशिवाय मी पंपाला हात लावत नाही. शेवटाकडचं पाणी स्वतः जाऊन पाहतो.

कामावर गेलात की पहिल्याच दिवशी बाटलीभर स्लरी घ्या, हलवा आणि खिडकीत ठेवा. बुडाशी जाड राख किती लवकर आणि किती जमते ते बघा. तुमच्या लाइनला वेग किती लागेल, याचा पहिला अंदाज तिथूनच येतो.