क्लाउड सिक्युरिटीचं सर्टिफिकेशन निवडताय? या चुका टाळा

नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात आयटी सांभाळणारा मुलगा परवा रविवारी गंगापूर रोडवरच्या अभ्यासिकेत भेटला. वहीत त्यानं पाच सर्टिफिकेशनची नावं एकाखाली एक लिहिली होती: सिक्युरिटी प्लस, क्लाउड प्लस, सीसीएसके, सीसीएसपी, सीआयएसएसपी. सीसीएसपीभोवती लाल पेनानं दोनदा गोल केला होता. "दादा, डायरेक्ट हीच देतो. फीसाठी बाबांनी द्राक्षाचे पैसे बाजूला काढून ठेवलेत." नोकरीला किती झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "दिवाळीला दीड वर्ष होईल."

अशी वही मला अधूनमधून दिसते. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांचा स्टॉक, हजेरी, बिलिंग क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर, चाललंय. अशा वेळी कुठल्याही एका कंपनीशी न बांधलेलं, म्हणजे व्हेंडर-न्यूट्रल सर्टिफिकेशन घ्यायचा या मुलांचा विचार मला मनापासून पटतो. आज कारखाना ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसवर असतो, उद्या नवे मॅनेजर येतात आणि मायक्रोसॉफ्टच्या अझूरवर जायचं ठरतं. पाया पक्का असेल तर माणूस दोन्हीकडे चालतो. पण निवडताना होणाऱ्या चुका त्याच त्याच आहेत, आणि त्यात जाणारे पैसे घरच्यांच्या घामाचे असतात.

अनुभव न मोजता परीक्षा ठरवणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. सीसीएसपी ही क्लाउड सुरक्षेची परीक्षा आयएससी-टू आणि क्लाउड सिक्युरिटी अलायन्स या संस्थांनी मिळून २०१५ साली आणली. परीक्षा पास झालात म्हणून लगेच नावापुढे सीसीएसपी लावता येत नाही. आयटीतला पाच वर्षांचा अनुभव लागतो. त्यातली तीन वर्षं माहिती सुरक्षेतली आणि एक वर्ष परीक्षेच्या सहा विषयांपैकी एखाद्यातलं हवं. तेवढा अनुभव नसेल तर पास होऊनही तुम्ही 'असोसिएट' राहता आणि उरलेला अनुभव भरायला सहा वर्षांची मुदत मिळते. असोसिएट असण्यात कमीपणा काही नाही. पण पगारवाढीच्या आशेनं परीक्षा दिली असेल तर ती आशा तिथं पुरी होत नाही. आणि सीव्हीत नुसतं 'सीसीएसपी' लिहिलंत तर नियमभंग होतो, तो वेगळाच.

दीड वर्षवाल्यांना मी आधी सिक्युरिटी प्लस, म्हणजे सुरक्षेची पायाभूत परीक्षा, सांगतो. तिला अनुभवाची सक्ती नाही. ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न, १०० ते ९०० च्या पट्टीवर ७५० मिळवायचे. त्यानंतर सीसीएसके, म्हणजे क्लाउड सिक्युरिटी अलायन्सची क्लाउड सुरक्षेच्या ज्ञानाची परीक्षा. या क्रमाला कारण आहे: सीसीएसके हातात असेल तर सीसीएसपीच्या अटीतलं ते एका विषयाचं एक वर्ष भरलं असं धरतात. सीआयएसएसपी, म्हणजे एकूण माहिती सुरक्षेचं वरच्या पातळीचं सर्टिफिकेशन, असलेल्याची तर सीसीएसपीची अनुभवाची अख्खी अटच पुरी होते. रोजचं काम सर्व्हर हलवणं, बॅकअप, मॉनिटरिंग असं असेल तर क्लाउड प्लस बघा, पण दोन-तीन वर्षं सिस्टिम ॲडमिनचं काम केल्यावर. आणि कंपनीत कंटेनर, म्हणजे ॲप त्याच्या गरजेच्या सगळ्या गोष्टींसकट बांधलेली पाकिटं, चालत असतील तर सीकेए, म्हणजे ती पाकिटं सांभाळणाऱ्या कुबर्नेटीसची परीक्षा. तिथं पर्याय निवडायचे नसतात, दोन तास टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करून, खरोखर काम करून दाखवावं लागतं.

इंटर्नशिपही अनुभवात धरली जाते, पण कंपनीच्या लेटरहेडवर पत्र लागतं. ते पत्र आजच मागून घ्या. पाच वर्षांनी ती कंपनी आणि ते साहेब तिथंच असतील याचा भरवसा नाही.

तत्त्वं पाठ, पण हात कोरे

व्हेंडर-न्यूट्रल म्हणजे कुठलाच प्लॅटफॉर्म शिकायचा नाही, असा अर्थ बरेच जण काढतात आणि इंटरव्ह्यूत अडतात. एक उदाहरण घेऊ, फायरवॉलचं, म्हणजे नेटवर्कमध्ये काय आत-बाहेर जाईल ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्याचं. 'स्टेटफुल' फायरवॉल म्हणजे आत येऊ दिलेल्या विनंतीचं उत्तर बाहेर जायला वेगळा नियम लागत नाही. व्याख्या सगळ्यांना येते. आता एडब्ल्यूएसमध्ये या. तिथला सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे मशीनभोवतीची फायरवॉल, स्टेटफुल आहे, पण त्यात फक्त परवानगीचे नियम लिहिता येतात. एखादा पत्ता अडवायचा असेल तर सबनेटवरच्या (नेटवर्कच्या एका तुकड्यावरच्या) नेटवर्क एसीएल या नियमांच्या यादीकडे जावं लागतं, आणि ते स्टेटलेस आहे, म्हणजे उत्तराचा रस्ताही हातानं उघडावा लागतो. अझूरच्या एनएसजीत (नेटवर्क सिक्युरिटी ग्रुप) परवानगी आणि मनाई दोन्ही लिहिता येतात, प्राधान्याच्या आकड्यानुसार नियम तपासले जातात, आणि तरी ते स्टेटफुल आहे. व्याख्या एकच, वागणं वेगळं. हे एकदा स्वतः चुकून, साइट बंद पाडून, पुन्हा सुरू केल्याशिवाय अंगात मुरत नाही.

दुसरं उदाहरण थेट कारखान्याच्या कामाचं. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या आदेशानुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि लॉग, म्हणजे कुणी कधी काय केलं याच्या नोंदी, १८० दिवस जपायचे असतात. एडब्ल्यूएसच्या क्लाउडट्रेलचा इव्हेंट इतिहास आणि अझूरचा ॲक्टिव्हिटी लॉग, आपण काहीच केलं नाही तर दोन्ही ९० दिवसच राहतात. म्हणजे नुसतं खातं उघडून कायदा पाळला जात नाही, लॉग वेगळ्या स्टोरेजमध्ये पाठवावे लागतात. जबाबदारी कोणाची, हा प्रश्न सीसीएसके शिकवते. बटण कुठं आहे ते प्लॅटफॉर्म शिकवतो. मला दोन्ही येणारा माणूस हवा असतो.

म्हणून अभ्यास सुरू करताना एकच प्लॅटफॉर्म निवडा, फुकट मर्यादेतलं खातं काढा. पहिल्याच दिवशी मुख्य खात्याला दुहेरी पडताळणी आणि बजेट अलर्ट लावा, काम झालं की मशीन डिलीट करा. मशीन नुसती थांबवली तरी तिच्या डिस्कचं बिल येऊ शकतं.

जुनं साहित्य आणि डंप

स्वस्तात मिळालेलं पुस्तक घेण्याआधी मुखपृष्ठावरचा कोड वाचा. सिक्युरिटी प्लसची एसवाय०-६०१ आवृत्ती ३१ जुलै २०२४ ला बंद झाली. तिच्या जागी एसवाय०-७०१ आहे. सीसीएसकेच्या व्हिडिओत १४ डोमेन (विषय) आणि युरोपच्या एनिसा संस्थेचा दस्तऐवज दिसला तर तो चौथ्या आवृत्तीचा. २०२४ च्या पाचव्या आवृत्तीत १२ डोमेन आहेत, आणि तिचं मूळ मार्गदर्शक क्लाउड सिक्युरिटी अलायन्सच्या साइटवर फुकट मिळतं.

सीसीएसके पुस्तक उघडून देता येते, म्हणून ती सोपी समजू नका. ६० प्रश्न, १२० मिनिटं, ८० टक्के लागतात. दर प्रश्नाला दोन मिनिटं. त्यात पान शोधत बसलात की वेळ गेला. आधी दोनदा पूर्ण वाचून काढा, पुस्तक फक्त शंका पडली तर उघडा.

डंपबद्दल एवढंच: परीक्षेतले चोरलेले प्रश्न वापरलेले उघड झाले तर सर्टिफिकेट रद्द होतं, पुढच्या परीक्षांवर बंदी येऊ शकते. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवले तर उघडू नका.

ओळखपत्रावरचं नाव

हे आपल्याकडे फार घडतं. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, लायसन्सवर मधलं नाव पूर्ण, बँकेत नुसतं अक्षर. माझ्या मावसबहिणीनं नोंदणी सासरच्या आडनावानं केली आणि केंद्रावर नेलं माहेरच्या आडनावाचं पॅन. सकाळी सहाला घरून निघाली होती, चार महिने अभ्यास केला होता. तिला आत सोडलं नाही, फी परत मिळाली नाही. नियमानं ते बरोबर होतं, पण परत येताना ती गाडीत एक शब्द बोलली नाही.

नोंदणीतलं नाव मुदतीतल्या मूळ ओळखपत्राशी तंतोतंत जुळायला हवं. झेरॉक्स चालत नाही. दुरुस्ती करायची तर ती तारीख घेण्याआधी करा. घरून परीक्षा देणार असाल तर महावितरण देखभालीसाठी वीज बंद ठेवतं तो दिवस टाळा, आणि खोलीत कुणी डोकावणार नाही हे घरात सांगून ठेवा.

दरवर्षीचा खर्च

सीसीएसपी मिळाल्यावर वर्षाला १३५ डॉलर भरावे लागतात आणि तीन वर्षांत ९० सीपीई, म्हणजे पुढे शिकत राहिल्याचे गुण, जमवावे लागतात. सिक्युरिटी प्लसला तीन वर्षांत तसेच ५० सीईयू. सीसीएसकेला नूतनीकरण नाही. घरी पैशांचं बोलताना हेही आकडे सांगा.

त्या मुलानं वहीत सीसीएसपीपुढे 'साडेतीन वर्षांनी' असं लिहिलं आणि सिक्युरिटी प्लसभोवती नवा गोल काढला. मग मोबाइलवर नोंदणीचं खातं उघडून माझ्यापुढे धरलं. पहिल्या नावाच्या रकान्यात आडनाव होतं. तिथंच बसून त्यानं दुरुस्तीचा मेल लिहायला घेतला.