ब्लूटूथ लावला की आवाज डब्यातून आल्यासारखा का येतो?

हेडफोनवर गाणं छान चालू असतं. ब्राउझरमध्ये मीटिंग किंवा रेकॉर्डिंग सुरू केलं, की त्याच क्षणी आवाज बसतो, जुन्या टेलिफोनवरून आल्यासारखा. हेडफोन बिघडलेला नसतो, तेव्हा लगेच नवा घ्यायला धावू नका.

नेहमीच्या ब्लूटूथवर चांगला स्टिरिओ आवाज फक्त एका दिशेने, कानाकडे येतो. हेडफोनचा माइक चालू झाला की जोडणी फोन कॉलच्या पद्धतीवर जाते: दोन्ही कानांत एकच आवाज, तोही ८ किंवा १६ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ८ किंवा १६ हजार नमुने. संगीताला साधारण ४४.१ किलोहर्ट्झ लागतात, म्हणून फरक लगेच कानाला बोचतो.

उपाय फुकटचा आहे. मीटिंगच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून हेडफोनच ठेवा, माइक मात्र लॅपटॉपचा निवडा. दोन-चार सेकंदांत आवाज पुन्हा मोकळा होतो. झाला नाही, तर माइक वापरणारा दुसरा टॅब उघडा राहिलाय का ते बघा. अशा टॅबवर बहुतेक वेळा रेकॉर्डिंगची खूण दिसते.

ऑनलाइन गाणं शिकणाऱ्यांनी आणखी एक करावं. तानपुऱ्याचा सलग सूर सॉफ्टवेअरला पंख्याची घरघर वाटते आणि तो पुसला जातो. परदेशातल्या विद्यार्थ्याला मग गुरुजींचा नुसता गळा ऐकू येतो, षड्ज गायब! झूममध्ये संगीतासाठी ‘ओरिजिनल साउंड’ची सोय आहे, ती चालू करा. तेव्हा मात्र वायरचा हेडफोन हवाच, कारण ब्लूटूथने आवाज उशिरा पोचतो आणि लय चुकते.