गेमचं म्युझिक करायचंय? आधी एक लूप धड वाजू द्या

गेम कंपोझर व्हायचंय म्हटलं की लोक आधी कीबोर्ड कुठला घेऊ, सॉफ्टवेअर कुठलं यावर येतात. अहो कुठलंही घ्या, रीपर हे म्युझिक रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर 60 दिवस फुकट वापरता येतं, तेवढ्यात कळतं जमतंय का. डिग्रीवाचूनही अडत नाही, फायनल फॅन्टसी या गेमचं म्युझिक करणारे नोबुओ उएमात्सु स्वतःचं स्वतःच शिकलेत.

खरी गोम वेगळीच आहे. सिनेमात सीन किती सेकंदांचा ते ठरलेलं असतं, गेममधे प्लेयर दारापाशी दहा मिनिटं चावी शोधत बसला तर तुमचा लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा, दहा मिनिटं वाजणार, आणि त्याचं डोकं न उठवता. तबला शिकलेल्यांना हे पटकन कळेल, आवर्तन संपून समेवर यायचं पण सांधा ऐकू येता कामा नये. 120 बीपीएमला, म्हणजे मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत, तीनतालाची चार आवर्तनं म्हणजे 32 सेकंद, पहिला लूप एवढाच करा. शेवटच्या सुराचा रिव्हर्ब, म्हणजे मागे रेंगाळणारी घुमी, मधेच कापला जाऊन समेवर खट्ट होतं, म्हणून तोच तुकडा सलग दोनदा वाजवून रेंडर करा, म्हणजे त्याची ऑडिओ फाइल काढा, आणि फक्त दुसरी फेरी कापून घ्या, पहिल्या फेरीचं शेपूट तिच्या सुरुवातीला आपोआप आलेलं असतं. आणि एमपीथ्री देऊ नका! मी पहिल्याच गेमला दिली, त्या फाइलला पुढेमागे बारीकशी शांतता चिकटते, दर फेरीला उचकी लागायची, डेव्हलपर बिचारा दोन रात्री स्वतःच्या कोडात बग शोधत बसला. वेव्ह किंवा ऑग द्या.

मग त्याच लूपच्या तीन फाइली करा, खालचा भरणा, ठेका, वरची धून. गेममधे म्युझिक बसवायच्या एफमॉड नावाच्या सॉफ्टवेअरमधे लावा, शत्रू जवळ आला की ठेका वर येईल असं. आयडिया काही नवी नाही, लुकासआर्ट्सने 1991 मधे मंकी आयलंड 2 या गेमला असंच गेमप्रमाणे बदलणारं म्युझिक दिलेलं.

काम मिळवायला लुडम डेअर, ग्लोबल गेम जॅम वगैरे जॅममधे, म्हणजे दोन-तीन दिवसांत गेम बनवायच्या उपक्रमांत घुसा, तिथे कोडवाले ढीगभर आणि म्युझिकवाला शोधत फिरत असतात. गावाचं बंधन नाही, पुण्यात बनलेल्या राजी या गेमचं म्युझिक एका ग्रीक कंपोझरने केलंय. पैसे बहुतेकदा तयार म्युझिकच्या मिनिटांवर ठरतात, हक्क कुणाकडे राहणार आणि बदल किती वेळा करून देणार हे मेलवर तरी लिहून घ्या, ओळखीतल्यांकडून तर नक्कीच.

स्टुडिओला वीस गाण्यांची लिंक पाठवू नका, कोण ऐकतंय! जॅममधला गेम खेळतानाचा एका मिनिटाचा व्हिडिओ पाठवा, शत्रू येतो तिथूनच सुरू होणारा.