अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सिव्हिल हॉस्पिटलच्या मेडिकल बोर्डाला जाताना काय काय न्यायचं (एएसवाल्यांसाठी, म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा कणा आखडवणारा संधिवात असलेल्यांसाठी)

आधार, फोटो, रेशनकार्ड, झेरॉक्स हे सांगायला नको. दाखला आणि दिव्यांग कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर भरलेल्या अर्जाची प्रिंट, तीही तुम्ही न्यालच. एवढ्यावरच गेलात तर माझ्यासारखे हात हलवत परत याल. बोर्ड दुखणं मोजत नाही हो! २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात 'वेदना' हा प्रकारच नाही. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस असला तरी आपण बसतो अस्थिव्यंगाच्या रकान्यात, आणि तिथे बघतात सांधा किती फिरतो आणि स्नायूत जोर किती आहे ते.

म्हणून मापांचा कागद. माझी फाइल चांगली जाडजूड होती, पण दर भेटीला 'कंबरदुखी, सकाळी आखडणे' आणि खाली गोळ्या. आकडा एकही नाही. संधिवाताच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगून मोजून घ्या. ते कमरेवर पेनाने १० सेंमी अंतरावर दोन खुणा करतात, गुडघे न वाकवता पुढे वाकायला लावतात आणि टेप धरतात. निरोगी पाठीत ते अंतर १५ च्या आसपास जातं. आपलं ११-१२ वर अडत असेल तर तसं कागदावर यायला हवं. श्वास घेतल्यावर छाती किती फुगते, भिंतीला पाठ टेकून उभं राहिल्यावर डोकं भिंतीपासून किती लांब राहतं, मान आणि खुबा किती वळतात, तेही. खाली तारीख, सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर. बोर्डाचे डॉक्टर स्वतः तपासतातच, पण गर्दीच्या दिवशी हातात जुनी मापं असलेली बरी.

एमआरआयच्या फिल्म न्या, नुसता रिपोर्ट नको. एचएलए-बी२७ चा (एएसशी संबंधित जनुकाच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट असू द्या, पण त्याने अपंगत्वाचे टक्के वाढत नाहीत. मापांनी ठरतात. मापांचा कागद घेतलात ना?

रोजची गोळी चुकवू नका, फक्त कोणती आणि किती वाजता घेतली ते सांगा. "कसं काय?" विचारल्यावर आपल्या तोंडून सवयीने "बरंय" निघतं, ते आवरा. मोजे घालता येतात का, किती वेळ बसवतं, ते सांगा. नाटक मात्र मुळीच नको, त्यांना लगेच कळतं. सोबत कोणीतरी हवं, रांगेतला बाक आपल्या कमरेसाठी केलेला नसतो.

४० टक्क्यांच्या आत पांढरं दिव्यांग कार्ड, त्यावर बहुतेक योजना मिळत नाहीत. ४० पासून पिवळं, ८० पासून निळं. दाखला तात्पुरता असेल तर मुदत आत्ताच लिहून ठेवा. टक्के पटले नाहीत तर ९० दिवसांत अपील, आणि तिथेही पुन्हा तोच मापांचा कागद.

पुढचं थोडक्यात. संजय गांधी निराधार योजनेच्या पैशांसाठी सेतू केंद्र किंवा तहसील : कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत, १५ वर्षांचा रहिवास, आधार जोडलेलं बँक खातं. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये. दरवर्षी हयातीचा दाखला. नोकरदारांना प्राप्तिकरात (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०यू) ७५,००० ची वजावट, पण जुन्या करप्रणालीतच. एसटीची सवलत आगारात विचारा. आणि कुठल्याही खिडकीवरून पोचपावती घेतल्याशिवाय हलू नका.