बॉक्सर भारी की ज्युदोवाला? लेव्हल कशी ओळखायची

बेल्टवरून, म्हणजे कमरेच्या पट्ट्याच्या रंगावरून सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका. ब्राझिलियन ज्युजित्सूत (जमिनीवर पकडून हार मानायला लावायचा खेळ) ब्लॅक बेल्टला साधारण दहा वर्षं जातात आणि मोठ्या स्पर्धांच्या नियमात वय 19 होण्याआधी तो मिळतच नाही, उलट ज्युदोतला पहिला ब्लॅक बेल्ट म्हणजे शोदान, ज्याचा अर्थच मुळात सुरुवातीची पायरी असा आहे. बॉक्सिंग, कुस्ती, मुय थाय (थायलंडचं किकबॉक्सिंग) यात तर असे बेल्टच नसतात. त्यामुळे कलरला कलर लावून बघणं बंद करा.

मग विचारा की आठवड्यातून स्पॅरिंग किती वेळा करतोस, म्हणजे समोरचा खरोखर अडवतोय, मारतोय, अशी प्रॅक्टिस. आठ वर्षं नुसती हवेत किक मारलेल्यापेक्षा दोन वर्षं रोज मार खाल्लेला जास्त पुढे असतो, माझं तरी हेच मत आहे.

रेकॉर्ड असेल तर नुसतं 10-0, म्हणजे दहा जिंकल्या आणि एकही हरला नाही, एवढंच बघून हुरळून जायचं नाही, ते दहा जण कोण होते ते शोधा, सगळे पहिल्यांदाच रिंगमध्ये उतरलेले असले तर त्या आकड्यात काही दम नाही.

आता खरी गंमत, डोळ्यांनी बघायची. बॉक्सिंगमध्ये ठोसा चुकल्यावर काय होतं ते बघा. नवखा स्वतःच्याच ठोशाच्या मागे पुढे ओढला जातो, हात खाली, हनुवटी वर, जमलेल्या माणसाचा हात मात्र आपोआप गालाशी परत येतो आणि पाय जागेवर असतात. ग्रॅपलिंगमध्ये, म्हणजे ज्युदो-ज्युजित्सूसारख्या पकडापकडीच्या खेळात, पकड बघा, नवखा कपडा इतका आवळून धरतो की दोन मिनिटांत हात भरून येतात, तोंडाने धापा टाकतो, आणि मुरलेला खाली दबलेला असला तरी नाकाने शांत श्वास घेत पुढच्याच्या चुकीची वाट बघत असतो.

दोन वेगळे खेळ तोलताना आधी नियम ठरवा. 2010 मध्ये बॉक्सिंगचा माजी वर्ल्ड चॅम्पियन जेम्स टोनी एमएमएमध्ये (ठोसे, किक, कुस्ती सगळं चालणारा खेळ) उतरला तर तिथला माजी चॅम्पियन रँडी कूचरने त्याला पहिल्याच राउंडमध्ये खाली पाडून चोक, म्हणजे गळा आवळणारी पकड लावली, आणि 2017 मध्ये एमएमएचा स्टार मॅकग्रेगर बॉक्सिंगच्या नियमात बॉक्सिंग चॅम्पियन मेवेदरसमोर दहाव्या राउंडपर्यंतच टिकला. यातलं कोणीच कच्चं नव्हतं, खेळ दुसऱ्याचा होता.

आणि हो, वजन विचाराच. पंधरा किलोचा फरक असेल तर जड असलेला जिंकला म्हणून त्याची लेव्हल वरची धरू नका.