बिअरच्या मॅशमधून साखर कमी मिळतेय? आधी गिरणीकडे बघा

बिअरसाठी दळलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवतात तो मॅश, आणि त्यातून उतरणारा गोड रस म्हणजे वॉर्ट. या वॉर्टची ग्रॅव्हिटी, म्हणजे त्यातल्या साखरेचं मोजमाप, कमी आली की लोक लगेच स्पार्जला (धान्यावर पुन्हा गरम पाणी घालून उरलेली साखर धुऊन काढण्याला) दोष देतात, पण माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा गडबड दळण्यातच असते. माल्टचा दाणा फुटलाच नाही तर आतल्या स्टार्चपर्यंत पाणी पोचणार कसं? रोलरमधलं अंतर ०.९ ते १ मिमीच्या आसपास ठेवून बघा, एकही दाणा अख्खा राहता कामा नये, पण टरफलं शक्यतो अख्खी राहू द्या कारण पुढे गाळणी तीच असते, फार बारीक दळलं तर वॉर्ट खाली उतरतच नाही आणि स्पार्ज अडकून बसतो.

मॅश करताना गुठळ्या नीट फोडा, ६५ ते ६८ डिग्री ठेवा, पीएच ५.२ ते ५.६ मध्ये आहे ना ते मोजा. तासाभराने थोडा वॉर्ट वेगळा काढून त्यात आयोडीनचा थेंब टाकून पाहा, काळा-निळा झाला तर स्टार्च अजून शिल्लक आहे, घाई करू नका, अजून थोडा वेळ द्या.

बॅच स्पार्ज (पाणी एकदम ओतून मग वॉर्ट काढणं) करत असाल तर पाणी ओतल्यावर मनापासून ढवळा, आणि दोन्ही वेळचा, म्हणजे स्पार्जच्या आधीचा आणि नंतरचा, वॉर्ट साधारण सारखाच निघेल असं पाणी वाटून घ्या. फ्लाय स्पार्ज (वरून सतत पाणी सोडत खालून वॉर्ट काढणं) मात्र सावकाशच, ४५ ते ६० मिनिटं द्या. धान्याचं तापमान ७७ डिग्रीच्या वर नको, आणि उतरणाऱ्या वॉर्टची ग्रॅव्हिटी १.०१० च्या खाली गेली की थांबा, नाहीतर तुरटपणा येतो.