व्हॅलेन्सियात दोन दिवस: निघण्याआधीची यादी

यादीत पहिली ओळ शनिवारच्या दुपारच्या जेवणाची. विमानाची तिकिटं झाली की लगेच टेबल सांगून ठेवा, राहण्याची जागा त्यानंतर बघितली तरी चालेल. पाएया हा भाताचा पदार्थ मूळचा स्पेनच्या याच भागातला, आणि इथे तो दुपारीच खातात, साधारण दोन ते चारच्या दरम्यान. कमीत कमी दोघांचा करतात, ताजा शिजवतात, आणि चांगल्या ठिकाणी किती जण, कोणता पाएया हे आधी विचारतात. रात्री साडेनऊला चौकातल्या फोटोवाल्या फलकावरून जो मिळतो, त्यासाठी इतक्या लांब यायची गरज नाही. अस्सल व्हॅलेन्सियन पाएयात मासळी नसते. कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा आणि गारोफो नावाचे मोठे पांढरे दाणे असतात. पसरट कढईत भाताचा थर बोटभरही नसतो आणि तळाशी सोकारात धरतो, आपल्या पातेल्यातल्या खरवडीसारखा. तो खरवडून खायचा असतो, कढईत ठेवून उठलात तर वाढपी हळहळेल.

गटात शाकाहारी कोण आणि किती कडक, हे व्हॉट्सॲप ग्रुपवर आजच विचारून घ्या. पाएया दे वेर्दुरास, म्हणजे भाज्यांचा पाएया, मागितला तरी रस्सा कशाचा आहे हे विचारावं लागतं; ‘काल्दो’ म्हणजे रस्सा, एवढा शब्द पाठ असू द्या. नुसतं ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, म्हटलं की ताटात ट्यूना येऊ शकतो, म्हणून ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’ अशी मांस, मासळी आणि हॅम तिन्हींची नावं घ्यायची. एस्गार्रात हा इथला खास पदार्थ भाजलेल्या लाल मिरचीच्या पट्ट्यांचा, तेलात निथळणारा, दिसायला अगदी निरागस. त्यात खारवलेला कॉड मासा असतो. बिनधास्त मागवावं असं म्हणजे टोमॅटो चोळलेला पाव, पिमिएंतोस दे पाद्रोन या तळलेल्या हिरव्या मिरच्या आणि ओर्चाता. ओर्चाता चुफा नावाच्या लहान कंदाची, दुधाचा थेंबही नाही. थंडगार, गोड, सोबत बुडवायला फार्तोन नावाचा लांबट मऊ पाव. कंद आहे म्हणजे उपवासाला चालेल का, यावर रांगेत उभं राहून वाद घालायला हरकत नाही.

कागदपत्रं. जर्मनी, नेदरलँड्स वगैरे शेंगेन देशांत राहणाऱ्यांना भारतीय पासपोर्टावर वेगळा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट दोन्ही अंगावर हवेत. मोबाईलमधला फोटो पुरत नाही. लंडनच्या मित्राचा भारतीय पासपोर्ट असेल तर त्याला शेंगेन व्हिसा लागतोच, आणि त्याची अपॉइंटमेंट हे या सहलीतलं सगळ्यात वेळखाऊ काम, तेव्हा तारीख त्याला विचारून ठरवा. जर्मनीत सरकारी विमा असणाऱ्यांच्या कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपीय आरोग्य कार्ड असतं, ते पाकिटात राहू द्या. अपार्टमेंट घेतलं तर मालक प्रत्येकाचा पासपोर्ट क्रमांक आणि घरचा पत्ता मागेल. डिसेंबर २०२४ पासून स्पेनमध्ये तो नियमच आहे, लगेच संशय घेऊ नका. जागा जुन्या शहरातल्या एल कार्मेन भागात घेतलीत तर रात्री गल्लीतला गोंगाट खिडकीतून आत येणार. झोपेची किंमत असणाऱ्यांनी थोडं बाहेर बघावं.

मे, जून आणि सप्टेंबर हे चांगले महिने. ऑगस्टमध्ये उकाड्याबरोबर दमटपणा असतो, मुंबईकरांना कळेल. १५ ते १९ मार्चला फायास हा इथला उत्सव असतो, पुतळे जाळतात आणि फटाके इतके की शांत वीकेंडच्या अपेक्षेने जाणाऱ्याने त्या तारखा टाळाव्यात, हॉटेलंही महागतात. शरद ऋतूत निघण्याआधी एइमेत या स्पॅनिश हवामान खात्याचे इशारे बघायचेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हॅलेन्सिया प्रांतात, मुख्यतः शहराच्या दक्षिणेकडच्या गावांत, पुराने दोनशेहून जास्त माणसं गेली. फोनवर मोठ्याने वाजणारा सरकारी इशारा आला तर तो बंद करून पुढे चालू लागायचं नाही.

शनिवारी सकाळी मेर्कादो सेंत्राल, कारण हा बाजार रविवारी बंद असतो आणि शनिवारीही दुपारी तीनच्या सुमारास आवरतो. रस्ता ओलांडला की ला लोंखा, रेशमाच्या व्यापाऱ्यांचं जुनं सभागृह, पीळ दिलेल्या दगडी खांबांचं. कॅथेड्रलच्या मिगेलेते मनोऱ्याला २०७ पायऱ्या आहेत, त्या जेवणाआधी चढा. गुरुवारीच पोहोचणार असाल तर बाराला कॅथेड्रलच्या दारात पाण्याच्या वाटपाचे तंटे सोडवणारं शेतकऱ्यांचं न्यायालय भरतं, तिथे उभे राहा. काही वेळा तक्रारच नसते आणि मिनिटभरात उठतं, पण उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला पाटपाण्याच्या पाळीचं हे न्यायालय चुकवावंसं वाटणार नाही.

रविवारची सकाळ सायकलवर. १९५७ च्या पुरानंतर तुरिया नदी शहराबाहेरून वळवली. रिकाम्या पात्रात महामार्ग व्हायचा होता, लोकांनी हट्टाने बाग मागून घेतली. पुलांखालून सायकल चालवत कालात्राव्हा या वास्तुविशारदाच्या पांढऱ्या इमारतींपर्यंत जाता येतं. तिथे पांढऱ्या फरशीवरून आणि पाण्यावरून ऊन थेट डोळ्यांत येतं, म्हणून गॉगल प्रत्येकाचा स्वतःचा हवा. ओसेआनोग्राफिक या मत्स्यालयाचं तिकीट मात्र फक्त दोनच दिवस हातात असताना मी काढणार नाही, त्यात अर्धा दिवस जातो. त्यापेक्षा मालव्हारोसाचा किनारा गाठा. पाण्यात उतरताना सामानापाशी एक जण बसलाच पाहिजे, पाळी आधीच ठरवा.

विमानतळावरून मेट्रोच्या ३ आणि ५ क्रमांकाच्या लाइन शहरात येतात. साध्या शहरी तिकिटात विमानतळ बसत नाही. २४, ४८ किंवा ७२ तासांच्या टुरिस्ट कार्डात बसतो, तेव्हा सगळ्या गटाचा हिशेब करून बघा. पैशांचं टीटीएमएम करायचं की एकाने भरून ॲपवर वाटायचं, हे निघण्याआधी ठरलेलं बरं, कारण बिल बहुधा टेबलाला एकच येतं.

बॅगेत टोपी, सनस्क्रीन, रिकामी पाण्याची बाटली आणि चालून मुरलेले बूट. द्रव पदार्थांचा १०० मिलीचा नियम ठेच्याला आणि लोणच्यालाही लागू होतो. जे काही घ्यायचं ते शनिवारीच घ्या, रविवारी मेर्कादोना ही सुपरमार्केटसुद्धा बंद. केशर आणि पाएयाचा बोम्बा तांदूळ हातातल्या बॅगेत मावतात. ऑलिव्ह तेलाची बाटली हवी असेल, तर ज्याची बॅग चेक-इन होणार आहे त्याच्याशी आतापासूनच गोड बोलायला लागा.